बऱ्हाणपूरचा ताळा

तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूरचा राजघाट आहे. घाटाच्या पाठीशी शाही किल्ल्याची उंच भिंत, पुढे नदीचे विस्तीर्ण पात्र, पाणी उतरले म्हणजे पात्रात दिसणारा दगडी हत्ती, आणि पैलतीरी जैनाबादेकडचा आहूखाना, असे हे स्थळ आहे. १६३१ सालच्या जून महिन्यात शाहजहानची बेगम मुमताजमहल या शहरी बाळंतपणात वारली. तिचा देह प्रथम पैलतीरावरील बागेत ठेवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आग्र्यास नेला. बऱ्हाणपुरास येणारा प्रवासी घाटावर उभा राहून बहुधा हीच कथा ऐकतो. आम्ही गेलो होतो ते त्याच काळातील दुसऱ्या एका गोष्टीसाठी. बेगमेच्या मृत्यूची हकीकत दरबारी इतिहासकारांनी तपशीलवार लिहून ठेविली आहे. त्याच सुमारास याच प्रदेशात अन्नावाचून जी माणसे मेली त्यांची गणती मात्र कोणी ठेविली नाही. तरीही त्यांच्याविषयीचे आकडे ग्रंथांतून आढळतात. ते कोठून आले आणि एकमेकांशी जुळतात काय, हे एकदा पाहावे असा आमचा मानस होता.

या कामी आम्ही एक नवा मदतनीस घेतला होता, आणि प्रस्तुत लेख जितका त्या दुष्काळाविषयी आहे तितकाच त्या मदतनिसाविषयीही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे नाव जगापुढे आले. तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेची बोलकी यंत्रे घरोघर पोचली आहेत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची नातवंडे ती वापरीत असतील. त्यांच्यापुढे आकड्यांचा तक्ता ठेवावा आणि साध्या मराठीत म्हणावे, ‘यातील सरासरी काढ, वर्षागणिक वाढ किती ते सांग, ही वाढ खरी की योगायोगाची ते तपास,’ की क्षणार्धात आलेखासह उत्तर हाती येते. ज्या कामास पूर्वी संख्याशास्त्र जाणणारा मनुष्य आणि आठवडाभराचा अवधी लागे, ते चहा निवण्याच्या आत होते. आम्ही संख्याशास्त्री नव्हे. म्हणूनच हा मदतनीस आम्हांस देवाने धाडल्यासारखा वाटला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

प्रथम दुष्काळाविषयी. १६३० साली दख्खन, खानदेश आणि गुजरात या प्रांतांत पाऊस पडला नाही. १६३१ साली काही भागांत अतिवृष्टीने उरलेसुरले गेले. त्याच वेळी खानजहान लोदीचे बंड आणि निजामशाहीवरील मोहीम यांच्यासाठी शाहजहान प्रचंड सेनेसह १६३० पासून १६३२ पर्यंत बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. म्हणजे जेथे धान्य नाही तेथे लाखो तोंडे आणि जनावरे येऊन बसली. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून निघाला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा या खानदेशी वाटेने बऱ्हाणपुरास आला. वाटेवर त्याने जी प्रेते व जे मरणोन्मुख जीव पाहिले, त्यांचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. महाराष्ट्रात हाच दुष्काळ आपण दुसऱ्या एका घराच्या कथेतून ओळखतो. देहूच्या तुकोबांचा व्यापार याच सुमारास बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तो १६३० सालीच.

किती माणसे मेली? गुजरातेत १६३१ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या दहा महिन्यांत ३० लाख आणि अहमदनगरच्या बाजूस आणखी १० लाख, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. एका डच अहवालाच्या आधारे एकंदर ७४ लाख हा आकडाही देतात. ३० लाख ही संख्या ऐकताच ती अदमासाची आहे हे कळते, कारण ती गोल आहे. ७४ लाख मात्र मोजल्यासारखी वाटते. परंतु मोजणार कोण? या देशात एकाच वेळी सर्वत्र शिरगणती झाली ती १८८१ साली; तत्पूर्वी अडीचशे वर्षे, दुष्काळाच्या धामधुमीत, वखारीतल्या व्यापाऱ्यास तीन प्रांतांतील मृतांची गणती करणे कसे शक्य होते? आकड्याच्या शेवटी शून्ये कमी असली म्हणजे तो अधिक विश्वसनीय, हा आपल्या मनाचा एक जुना भ्रम आहे. आमच्या यंत्राने हे तीनही आकडे एकाच स्तंभात, एकाखाली एक, स्वच्छ मांडून दिले. अंदाज कोणता आणि गणती कोणती, यासाठी स्तंभ ठेवा असे आम्ही सांगितले नव्हते, आणि त्याने आपण होऊन ठेविला नाही.

मृतांचा नाद सोडून मग आम्ही धान्याच्या भावांकडे वळलो, कारण भाव हे मनुष्य प्रत्यक्ष देतो आणि घेतो. प्रवाशांची वृत्ते, ‘आईन-ई-अकबरी’मधील दर, विल्यम फॉस्टर यांनी छापलेले इंग्रज वखारींचे कागद, यांतून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ज्या काही नोंदी मिळाल्या त्या आम्ही एका वहीत उतरविल्या आणि तक्ता करून यंत्राच्या स्वाधीन केल्या. यंत्राने एक चूक लागलीच दाखविली. एकच नोंद दोन ग्रंथांत निरनिराळ्या शब्दांत आल्यामुळे आम्ही ती दोनदा घेतली होती. ती आम्ही तीन वेळा वही चाळूनही आमच्या ध्यानी आली नव्हती. त्यानंतर त्याने एक रेषा काढून दिली. दर मणास रुपयांचा भाव दुष्काळाआधीही वर्षानुवर्षे हळूहळू चढतच होता, आणि ही चढण केवळ योगायोगाची असण्याचा संभव अगदी थोडा, असा त्याचा निर्णय. सोबत दोन परिच्छेदांचे सुरेख विवेचन होते, त्यात सोन्यारुप्याची आवक, सैन्याची मागणी, सारे काही होते. आम्ही ते वाचून खूश झालो. लेखाचा अर्धा भाग तयारच झाला म्हणावयाचा.

आमच्यासमवेत एक वृद्ध गृहस्थ होते. गोव्याकडील एका देवस्थानचा जमाखर्च त्यांनी चाळीस वर्षे लिहिला आहे. राजघाटाच्या पायरीवर बसून आम्ही त्यांना ती रेषा दाखविली. त्यांनी चष्मा पुसला, तक्त्यावरील ‘मण’ या शब्दावर बोट ठेविले आणि विचारले, ‘मण खंयचो?’

मण कोणता! देवस्थानच्या कोठीत ज्याने खंडी, कुडव, पायली यांचे हिशेब लिहिले, आणि या गावची पायली त्या गावच्या पायलीहून वेगळी असते हे ज्याला अनुभवाने ठाऊक, त्यालाच हा प्रश्न पहिल्याने सुचावयाचा. आम्ही परत येऊन पुस्तके उघडली. अकबराच्या कारकीर्दीत एक शेर म्हणजे ३० दामांचे वजन. जहांगिराने तो ३६ दामांचा केला. शाहजहानच्या राज्यात तो ४० दामांचा झाला. मण ४० शेरांचाच राहिला. याचा अर्थ, १६०० सालचा मण आणि १६३५ सालचा मण हे नावाने एक, पण दुसरा पहिल्याच्या एकतृतीयांशाने मोठा. धान्य एका दाण्याने महाग झाले नाही तरी ‘दर मणास’ भाव एकतृतीयांशाने चढलेला दिसणार. शिवाय हे शाही माप दरबारी. सुरतेचा मण आणखी निराळा आणि हलका, आणि इंग्रज वखारीचा कारकून कोणता मण लिहितो हे प्रत्येक पत्रापुरते पाहावे लागते. आमच्या रेषेची चढण भाववाढीची होती की वजनाची, हे त्या तक्त्यावरून कोणालाही सांगता येण्याजोगे नव्हते. यंत्राने गणित चुकविले नव्हते. प्रत्येक बेरीज, प्रत्येक भागाकार बरोबर होता. एकाच स्तंभात आम्ही तीन प्रकारचे मण घातले होते, आणि त्याने ते तिन्ही निमूटपणे एकच मानले.

‘हे तू आम्हांस का विचारले नाहीस?’ असे आम्ही त्यास विचारले. त्याने तत्काळ क्षमा मागितली, अकबरी, जहांगिरी आणि शाहजहानी शेरांची वजने अचूक सांगितली, आणि ही शंका अत्यंत मोलाची आहे असा अभिप्राय दिला. म्हणजे माहिती त्याच्यापाशी होती. ती या तक्त्याला लागू पडते हे मात्र कोणीतरी बोट ठेविल्यावाचून त्याच्या ध्यानी आले नाही. याला अज्ञान म्हणावे की काय म्हणावे, आम्हांस ठरविता येत नाही. पाठांतर उत्तम, पण प्रसंगी आठवत नाही, असे विद्यार्थी आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

पण याहून गंभीर प्रकार पुढे घडला. अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनाम्या’त या दुष्काळातील सरकारी मदतीचे वर्णन केले आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत या ठिकाणी लंगर उघडले. सोमवार हा बादशाहाच्या राज्यारोहणाचा वार, म्हणून दर सोमवारी बऱ्हाणपुरात गरिबांस ५,००० रुपये वाटावे असा हुकूम झाला, आणि २० सोमवारांत १ लाख रुपये वाटले गेले. येथपर्यंत ठीक आहे. २० गुणिले ५,००० म्हणजे १ लाख, हिशेब स्वतःच स्वतःची ग्वाही देतो. पुढे साऱ्याची सूट येते. इलियट आणि डाऊसन यांच्या संग्रहाच्या १८७७ साली छापलेल्या सातव्या खंडातील इंग्रजी भाषांतर घेतले तर अर्थ असा होतो की, सुमारे ७० लाख रुपयांची सूट दिली, ती सुमारे ८० कोटी दाम होते, आणि हा एकंदर वसुलाचा अकरावा भाग होय.

आमच्या यंत्रास विचारले असता त्याने हेच सांगितले: सूट अकराव्या भागाची. शेकडेवारीही काढून दिली, नऊ पूर्णांक काही दशांश. आणि त्यावर भाष्य जोडले की, इतक्या घोर संकटात ही सूट अपुरी होती. असे भाष्य पूर्वी नामांकित इतिहासकारांनीही केलेले आहे, तेव्हा यंत्राने ते कोठून उचलले असेल हे उघड आहे.

आता आपल्या वृद्ध मुनिमांची रीत लावू. वसुलाच्या हिशेबात ४० दामांचा एक रुपया धरीत. ७० लाख रुपये गुणिले ४० म्हणजे २८ कोटी दाम. ८० कोटी होत नाहीत. उलट ८० कोटी दाम भागिले ४० म्हणजे २ कोटी रुपये. तेही ७० लाख होत नाहीत. एकाच वाक्यातील दोन संख्या एकमेकींस खोटे पाडीत आहेत, आणि त्यासाठी फार्सी येण्याची गरज नाही, चौथी इयत्तेचे गणित पुरे आहे. मूळ फार्सी वाक्य पाहणाऱ्या अभ्यासकांनी याचा उलगडा पुढे केला. ८० कोटी दाम हा सुटीचा आकडा नव्हेच, तो खालशाचा, म्हणजे बादशाहाच्या खास मुलखाचा, ठरलेला वसूल. आणि अकरावा भाग म्हणजे सबंध साम्राज्याच्या वसुलात या खालशाचा वाटा. त्या २ कोटी रुपयांपैकी ७० लाख सोडले, म्हणजे सूट एकतृतीयांशाहून किंचित अधिक, शेकडा ३५. अकरावा भाग आणि तिसरा भाग यांत जे अंतर आहे ते केवळ अंकांचे नव्हे. ज्या कुणब्याच्या खळ्यावर वसुलीचा शिपाई उभा होता त्याच्या दृष्टीने ते पेरणीसाठी बी उरणे आणि न उरणे यांतील अंतर होते. आणि राज्यकर्त्याविषयी आपला जो निवाडा होतो तोही याच भागाकारावर टेकलेला आहे. जहागिरदारांच्या मुलखात किती सूट मिळाली आणि कागदावरची सूट खेड्यात किती पोचली, हे प्रश्न उरतातच. शाहजहानची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. पण आरोप करावयाचा तर तो बरोबर आकड्यावर करावा.

आपल्याकडे उदाहरण सोडविले की उत्तराचा ताळा पाहण्याची शिस्त होती. गुणाकार झाला की नवाचा ताळा, कीर्द लिहिली की खतावणीशी मेळ, वर्षअखेर ताळेबंद. उत्तर देणारा आणि ताळा पाहणारा यांची वाट निराळी असावी लागते. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने पुन्हा जाऊन ताळा होत नाही. बऱ्हाणपुरातच याचा एक अपूर्व दाखला आहे. शहराच्या जुम्मा मशिदीत, फारुकी सुलतान आदिलशाहाने ती बांधविली त्या वेळचा, अरबीसोबत एक संस्कृत शिलालेख आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत लेख, याचेच प्रथम नवल वाटते. परंतु आम्हांस त्याहून कौतुक वाटते ते कालनिर्देशाचे. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार, आणि पुढे तिथी, नक्षत्र, योग यांच्या घटिका. इसवी सनाच्या हिशेबाने हा १५९० सालच्या जानेवारीचा आरंभ. या इतक्या गोष्टी लिहिण्याचे कारण काय? कोणतीही एक चुकली तर बाकीच्या तिला उघडे पाडतात. शके १५११ ला विरोधी हाच संवत्सर येतो, हे पंचांग जाणणारा कोणीही आजही पडताळून पाहील. त्या तिथीस सोमवारच होता, हे गणिताने काढता येते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात ज्योतिष्याने उत्तरासोबत ताळाही दगडावर कोरून ठेविला आहे.

संख्याशास्त्राची विद्या ज्यांनी आपल्याकडे इतिहासात आणली त्यांचेही वर्तन असेच होते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत असताना त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा, म्हणजे ज्यांवर निरनिराळे ठसे ठोकलेले असत त्या रुप्याच्या तुकड्यांचा, प्रश्न हाती घेतला. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. कोसंबींनी विचार केला की, नाणे हातोहात फिरते तसे झिजते. टांकसाळीतून निघताना सर्व नाण्यांचे वजन एका मध्याभोवती थोडेसे विखुरलेले असते. वापराबरोबर सरासरी वजन घटते आणि विखुरणे वाढते. एका निधीतील सर्व नाणी एकाच दिवशी जमिनीत गेलेली असतात, तेव्हा जो गट अधिक झिजला तो अधिक जुना. तक्षशिलेच्या निधींवर त्यांनी ही रीत लावली, आणि नाण्यांच्या पाठीवर सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या खुणांची संख्या व झीज यांचा मेळ बसतो हेही दाखविले.

आम्हांस विशेष सांगावयाचे ते पुढचेच. नाणे झिजते हा केवळ तर्क होता; तो प्राचीन नाण्यांवरून सिद्ध करणे म्हणजे त्याच वाटेने पुन्हा जाणे. म्हणून कोसंबींनी आपल्या काळची चालू नाणी गोळा केली, ज्यांवर साल छापलेले असते. हजारो नाणी त्यांनी एकेक करून तराजूत घातली आणि वय व झीज यांचा संबंध प्रत्यक्ष पाहिला. चलनाच्या फिरण्याचा नाण्यांच्या वजनावर काय परिणाम होतो, यावरील त्यांचा निबंध १९४२ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. आज आहत नाण्यांच्या वजनांचा तक्ता यंत्रापुढे ठेविला तर कोसंबींनी ज्यासाठी रात्री घालविल्या ते गणित क्षणात होईल, यात संशय नाही. पण पुण्याच्या बाजारातली खुर्दा नाणी आणून तोलावी, हे तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते. तोललेले नाणे आम्लाने घासून स्वच्छ केलेले आहे की जमिनीतून निघाले तसेच आहे, हेही त्यात नसते. यंत्राविषयी कोसंबींस तिटकारा होता असे मात्र कोणी समजू नये. १९४८-४९ साली युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गेले ते नव्या गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठीच.

दुसरे उदाहरण शेतातले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि तापीकाठाहून फार दूर नसलेल्या इंदुरास कपाशीवर संशोधन करणारे विनायक गोविंद पानसे, या दोघांचे शेतीविषयक संख्याशास्त्रावरील इंग्रजी पुस्तक १९५४ साली निघाले आणि दोन पिढ्यांनी ते वापरले. चाळीसच्या दशकात सर्व देशातील पिकाचा अंदाज नमुन्याने कसा काढावा, यावर सुखात्मे आणि कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा मोठा वाद झाला. महालनोबीसांचा कल लहान तुकडे, पण पुष्कळ, कापून पाहण्याकडे. सुखात्म्यांनी दाखविले की, तुकडा अगदी लहान असला तर पीक हटकून जास्त भरते. कारण साधे आहे. हद्दीवरील रोप आत धरावे की बाहेर, हा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात सभोवार एक इंच जास्त कापले तर क्षेत्र शेकडा साडेआठाने वाढते. तेहतीस फुटी चौकोनात तेवढ्याच चुकीने जेमतेम शेकडा एक. हा हिशेब आमचा आहे, वाचकांनी करून पाहावा. असे लहान तुकडे शंभराऐवजी दहा हजार घेतले तरी चूक जात नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती एकाच बाजूस झुकलेली असते. उलट आकडा अधिक ठाम दिसू लागतो. विळा धरणाऱ्या हाताचा तो झुकाव आकड्यांच्या तक्त्यात उतरत नाही. तो पाहावयास सुखात्म्यांच्या माणसांस शेतात जावे लागले.

आमच्या मदतनिसाची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. त्याने असंख्य ग्रंथांतील मजकूर पचविलेला असतो, आणि प्रश्न आला की त्यापुढे कोणता शब्द येणे संभवनीय हे ठरवीत तो उत्तर रचतो. ज्या विषयावर दहा पुस्तकांनी एकच चूक केली, तेथे चूकच संभवनीय. हिशेबासाठी मात्र हल्लीची चांगली यंत्रे स्वतः एक आज्ञावली लिहितात, ती चालवितात आणि तिचे फलित सांगतात. अशा वेळी आकडेमोड सहसा बिनचूक असते. परंतु आज्ञावली न चालविताच संभवनीय दिसणारी संख्या सांगून टाकण्याचा मोह त्यास अधूनमधून होतो, आणि दोन्ही उत्तरांचा स्वर सारखाच आत्मविश्वासाचा असतो. म्हणून आम्ही आता आज्ञावली मागून घेतो आणि ती जपून ठेवितो, आणि ज्या एकदोन ओळींची बेरीज हाताने केलेली असते त्या ओळींचे उत्तर आधी विचारतो. जुने पत्र वाचून त्यातले भाव तक्त्यात उतरविणे, दुबार नोंद हेरणे, आलेख काढणे, या कामांत त्याची बरोबरी आम्हांस कधीच करता येणार नाही. रात्री अकरा वाजताही ते कंटाळत नाही, आणि एकच मूर्ख प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी कपाळास आठी घालीत नाही. हा गुण आमच्या शाळेतील गणिताच्या गुरुजींत नव्हता.

भावांचे पुढे काय झाले, ते वाचक विचारतील. तक्त्यास आम्ही आणखी एक स्तंभ जोडला आणि त्यास नाव दिले ‘मण कोणता’. वृद्ध गृहस्थांनी आणि आम्ही मिळून प्रत्येक नोंदीचे मूळ पान पुन्हा काढले. काही नोंदींत माप स्पष्ट होते, काहींत पत्राच्या स्थळावरून व सालावरून ठरविता आले, आणि उरलेल्या बऱ्याच नोंदींत ठरविता आले नाही. त्या आम्ही काट मारून बाजूस ठेविल्या. जे शिल्लक राहिले त्यावरून रेषा काढण्याइतका आधार नव्हता. तेव्हा रेषा काढली नाही. लेखाचा जो अर्धा भाग तयार झाला म्हणून आम्ही हर्षलो होतो तो रद्द झाला, आणि त्याच्या जागी हा मजकूर आला आहे.

सुटीचा प्रश्न मात्र निकालात निघाला होता. ८० कोटी भागिले ४० हे गणित आम्ही यंत्रापुढे ठेविल्यावर त्याने चूक मान्य केली, खालशाच्या वसुलाचा अर्थ नीट उलगडून सांगितला, आणि एकतृतीयांश हेच योग्य, असे लिहून दिले. राजघाटाहून परतल्यावर चार दिवसांनी, सहज म्हणून, आम्ही नवे पान उघडून तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. १६३० च्या दुष्काळात शाहजहानने साऱ्याची किती सूट दिली? उत्तर आले: सुमारे ७० लाख रुपये, म्हणजे एकंदर वसुलाचा अकरावा भाग.